संगणकाचा दप्तरखाना व त्याची राखण

सफाळ्याच्या स्टेशनावर सकाळीं जो कोणी उभा राहिला असेल त्यास भाजीच्या पाट्या, चाकरमान्यांची गर्दी व गाडी पकडण्याची धांदल एवढेंच दिसतें. स्टेशनमास्तरांच्या खोलींत चाललेलें काम मात्र सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीं. तेथें प्रत्येक गाडीची नोंद होत असते: ती केव्हां आली, केव्हां सुटली, पुढचा मार्ग मोकळा आहे कीं नाहीं. रेल्वेचा जुना दंडक असा कीं, रुळांच्या एका खंडांत एका वेळीं एकच गाडी असावी. ती पुढें निघून गेल्याची खात्री पटल्यावांचून मागची गाडी सोडावयाची नाहीं. ही नोंद प्रवाशांवर संशय घेण्यासाठीं ठेवलेली नसते. ते सुखरूप घरीं पोंचावेत म्हणून ठेवलेली असते.

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षांतही अशीच एक नोंद सतत चालू असते. पालकसभेच्या वेळीं पालक आम्हांस विचारतात, "मुलें संगणकावर बसून काय करतात, हें तुम्हांस कळतें काय?" विद्यार्थी तोंडानें विचारीत नाहींत, परंतु त्यांच्या मनांत असतें, "आम्हीं लिहिलेलें सगळें सर वाचतात कीं काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, व दोहोंचें उत्तर एकाच यंत्राच्या कामकाजांत सांपडतें. तें यंत्र म्हणजे फाइल-सर्व्हर. त्याचें काम कसें चालतें, त्यावर देखरेख कशी ठेवावी लागते, आणि त्या देखरेखींत आमच्याच हातून एकदां कशी चूक घडली, हें येथें सांगण्याचा विचार आहे.

पुण्यास पेशवे दप्तर म्हणून जुन्या कागदपत्रांचा प्रचंड संग्रह आहे. तेथील कागदांचे गठ्ठे कापडांत बांधलेले असत व त्या गठ्ठ्यांस 'रुमाल' म्हणत. येणाऱ्यानें आपलें नांव सांगावें, पाहिजे तो रुमाल मागावा, काम होतांच तो परत बांधून द्यावा, आणि कोणता रुमाल कोणाकडे आहे हें दप्तरदारास ठाऊक असावें, ही कोणत्याही चांगल्या दप्तरखान्याची रीत होय. फाइल-सर्व्हर हा संगणकाचा दप्तरखानाच आहे. आमच्या कक्षांतील प्रत्येक संगणक तारेनें एका मध्यवर्ती यंत्रास जोडलेला आहे. विद्यार्थ्यांचे निबंध, तक्ते व चित्रें समोरच्या संगणकांत न राहतां त्या मध्यवर्ती यंत्राच्या तबकड्यांवर राहतात. म्हणून आज खिडकीजवळ बसलेला विद्यार्थी उद्यां दाराजवळच्या संगणकावर बसला, तरी त्याचें काम त्याच्यापुढें जसेंच्या तसें हजर होतें.

एक यंत्र अनेकांनीं कसें वापरावें, हा प्रश्न बराच जुना आहे. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० नांवाचें मोठें यंत्र आलें. देशांतील अनेक संस्थांचे लोक त्याचा उपयोग करीत. छिद्रें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा नेऊन द्यावयाचा आणि आपली पाळी येऊन उत्तर मिळेपर्यंत वाट पाहावयाची, अशी तेव्हांची सामान्य पद्धत होती. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत फर्नांडो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं निराळी योजना करून दाखविली. यंत्र प्रत्येकास क्षणभर वेळ देई आणि लगेच दुसऱ्याकडे वळे. हें इतक्या झपाट्यानें चाले कीं, यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेंत आहे असें प्रत्येकास वाटे. प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत म्हणून तेथें पासवर्ड आला, आणि वेळाची वांटणी न्याय्य व्हावी म्हणून प्रत्येकाच्या वापराचा हिशेबही आला.

पासवर्डाबरोबर त्याची चोरीही आली. ॲलन शेर नांवाच्या संशोधक विद्यार्थ्यास आपणांस नेमून दिलेला वेळ अपुरा वाटला. १९६२ सालीं त्यानें सर्वांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नांवावर आपलें काम चालविलें. पुष्कळ वर्षांनीं त्यानें स्वतःच ही हकीकत सांगितली. गमतीची गोष्ट ही कीं, अशा सामायिक यंत्राच्या वापराचें मोजमाप कसें करावें, हाच त्याच्या प्रबंधाचा विषय होता! मोजमाप करणाऱ्यावरही कोणाची तरी नजर असावी लागते, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

आतां आमच्या कक्षाकडे वळूं. विद्यार्थी आपलें नांव व पासवर्ड टाइप करतो. सर्व्हर तो पडताळून पाहतो व त्या विद्यार्थ्यासाठीं एक बैठक मांडतो. ह्या बैठकीस संगणकाच्या भाषेंत 'सेशन' म्हणतात. विद्यार्थी काम संपवून रीतसर उठेपर्यंत ती चालू राहते. सर्व्हरजवळ बसलेल्या शिक्षकास अशा सर्व बैठकांची यादी पाहतां येते. विंडोज पद्धतीच्या यंत्रावर त्या यादींत वापरणाऱ्याचें नांव, तो बसला आहे तो संगणक, त्यानें उघडलेल्या फाइलींची संख्या, बैठक सुरू होऊन गेलेला वेळ, आणि शेवटची हालचाल होऊन गेलेला वेळ, अशीं घरें असतात. दुसऱ्या एका यादींत कोणती फाइल कोणीं उघडली आहे व ती नुसती वाचण्यासाठीं कीं लिहिण्यासाठीं, हें दिसतें.

ही दुसरी यादी पहिलीहून अधिक महत्त्वाची आहे. समजा, एकाच गटांतील दोघां विद्यार्थ्यांनीं एकच निबंध एकाच वेळीं उघडला. दोघेही त्यांत बदल करूं लागले, तर ज्याचें लिखाण मागाहून जतन होईल तें पहिल्याचें पुसून टाकील. हें टळावें म्हणून पहिल्यानें फाइल लिहिण्यासाठीं उघडतांच सर्व्हर तिला कुलूप लावतो. रुळांच्या एका खंडांत एक गाडी, तशी एका फाइलींत एक लेखणी! दुसऱ्यास ती फाइल वाचतां येते, लिहितां येत नाहीं. 'ही फाइल अमक्यानें उघडली आहे' असा जो निरोप पडद्यावर येतो, त्यासाठीं लेखनाचा प्रोग्रॅम मूळ फाइलीशेजारीं एक लहानशी लपलेली फाइल ठेवतो व तींत उघडणाऱ्याचें नांव लिहितो. काम नीट बंद केलें कीं ही चिठ्ठी आपोआप नाहींशी होते. मध्येंच वीज गेली, तर ती मागें राहते, आणि कोणीही बसलेलें नसतां फाइल कोणाच्या तरी हातीं आहे असा भास होतो.

येथें एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. आपण टाइप केलेला मजकूर त्याच क्षणीं सर्व्हरवर पोंचतो असें नाहीं. तो आधीं समोरच्या संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींत असतो. 'सेव्ह' केल्यावरच दप्तरखान्यांत जाऊन बसतो. तोंपर्यंत सर्व्हरच्या यादींत केवळ एवढेंच दिसतें कीं, फाइल उघडी आहे. तिच्यांत दोन ओळींची भर पडली आहे कीं दोन तासांची, हें यादी सांगत नाहीं.

आमची चूक नेमकी येथेंच झाली. आरंभीं आम्हीं एका साध्या विंडोज संगणकासच सर्व्हर केलें होतें. अशा संगणकास एका वेळीं वीसच संगणक जोडतां येतात. एकविसाव्यास दार बंद. एके दिवशीं दुपारचा वर्ग कक्षांत आला आणि कांहीं मुलांस आपल्या फाइलीच मिळेनात. आम्हीं बैठकांची यादी उघडली. सकाळचीं कित्येक मुलें रीतसर न उठतांच निघून गेलीं होतीं. त्यांच्या बैठका अर्ध्या तासाहून अधिक वेळ निश्चल दिसत होत्या. वर्ग खोळंबला होता, मुलें गलका करीत होतीं. सर्व बैठका एकदम मोडण्याची सोय यादींतच होती. असें केल्यास मजकूर गमावण्याचा संभव आहे, असा इशारा पडद्यावर आला. तो आम्हीं वाचलाही, आणि तरीसुद्धां बटण दाबलें. क्षणार्धांत जागा मोकळी झाली, वर्ग सुरू झाला, आणि आम्हांस मोठें काम केल्यासारखें वाटलें.

थोड्या वेळानें सकाळच्या वर्गांतील एक मुलगी परत आली. ती घाईनें जेवावयास गेली होती; तिचा निबंध पडद्यावर उघडाच होता. तिनें 'सेव्ह' दाबलें. तिची बैठक मोडलेली असल्यामुळें संगणकानें सर्व्हरकडे पुन्हां जागा मागितली. परंतु वीसही जागा दुपारच्या वर्गानें व्यापल्या होत्या. पडद्यावर चुकीचा निरोप आला. तो न समजून तिनें खिडकी बंद केली आणि विचारलेल्या प्रश्नास 'नको' असें उत्तर दिलें. निबंध गेला. तिच्या आजीनें सांगितलेलीं भाताच्या जुन्या जातींचीं व शेतींतल्या अवजारांचीं नांवें त्यांत होतीं, आणि तीं तिनें कागदावर उतरविलेलीं नव्हतीं. तिनें तो निबंध पुन्हां लिहिला. पण तो पहिल्यापेक्षां आखूड झाला. कांहीं नांवें तिला आठवलीं नाहींत, व आजीसही एकदां सांगितलेलें सर्व त्याच ओघांत पुन्हां आठवलें नाहीं.

ह्यांत त्या मुलीची चूक थोडी व आमची अधिक होती. निश्चल बैठक म्हणजे निरुपयोगी बैठक, असें आम्हीं गृहीत धरलें. मनुष्य उठून गेला तरी त्याचें काम मेजावर पसरलेलें असूं शकतें, हें आम्ही विसरलों. तसेंच, सर्व्हरवर जागा मिळत नसेल तेव्हां फाइल तात्पुरती समोरच्याच संगणकांत जतन करावी, ही साधी युक्ति आम्हीं मुलांस आधीं शिकविली नव्हती. आतां पहिल्याच तासाला ती शिकवितों.

त्या दिवसानंतर आम्हीं दोन सुधारणा केल्या. पहिली यंत्राची. सर्व्हरवर लिनक्स बसवून त्यावर 'सांबा' हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम चालू केला. विंडोजचे संगणक सर्व्हरशीं ज्या नियमांनीं बोलतात त्या नियमांस एसएमबी असें नांव आहे. ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल यांनीं १९९१-९२ च्या सुमारास हे नियम जाणणारा सर्व्हर तयार केला. त्यास नांव शोधतांना एस, एम व बी हीं अक्षरें त्याच क्रमानें येणारे शब्द त्यांनीं संगणकाकडून कोशांतून निवडून घेतले. त्यांत 'सांबा' हा शब्द निघाला. ह्या सर्व्हरवर वीस जणांचें बंधन नाहीं. 'एसएमबीस्टेटस' ही आज्ञा दिली कीं कोण बसलें आहे, कोणत्या कपाटाशीं जोडलेलें आहे व कोणत्या फाइलींस कुलूप आहे, अशा तीन याद्या समोर येतात. निश्चल बैठक ठराविक मिनिटांनीं आपोआप मोडण्याची सोयही सांबांत आहे. मात्र त्या बैठकींत एकही फाइल उघडी नसेल तरच ती मोडली जाते. जो विवेक त्या दिवशीं आम्हांस सुचला नाहीं, तो ह्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांनीं आधींच त्यांत घालून ठेवला होता.

दुसरी सुधारणा आमच्या वागण्याची. कोणाची बैठक मोडावयाची झाल्यास प्रथम उघड्या फाइलींची यादी पाहावयाची. फाइल उघडी असेल, तर त्या विद्यार्थ्यास वर्गांतून बोलावून आणावयाचें. संगणकावरून निरोप धाडण्यापेक्षां एखाद्या मुलास धाडणें अधिक खात्रीचें असतें. तो न सांपडल्यास त्याच्या संगणकापाशीं जाऊन काम स्वतः जतन करावयाचें. एवढें करूनही मोडणें भागच पडलें, तर त्याची एकट्याची बैठक मोडावयाची, सर्वांची कदापि नाहीं. आणि कोणाची, केव्हां व कां मोडली, हें वहींत लिहून सही करावयाची. विद्यार्थ्यांची नोंद यंत्र ठेवतें. आमची नोंद ती वही ठेवते.

देखरेखीचें दुसरें अंग जागेचें. तबकडी कितीही मोठी असली तरी ती केव्हां तरी भरतेच. स्नेहसंमेलनाचें कांहीं मिनिटांचें चलच्चित्र सबंध वर्गाच्या निबंधांहून अधिक जागा खातें. तबकडी तुडुंब भरली कीं निरपराध्यांचेंही काम जतन होत नाहीं. म्हणून प्रत्येकास जागेचा वांटा ठरवून दिलेला असतो. लिनक्समध्यें त्याच्या दोन मर्यादा असतात. पहिली ओलांडली कीं सूचना मिळते व आवराआवर करण्यास मुदत मिळते. ती सामान्यतः सात दिवसांची असते. दुसरी मर्यादा मात्र ओलांडतांच येत नाहीं. वाण्याच्या उधारीच्या वहीशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस ही पद्धत नवी वाटणार नाहीं.

तिसरें अंग विजेचें. आमच्याच जिल्ह्यांत तारापूर येथें १९६९ पासून अणुशक्तीची वीज निर्माण होऊं लागली; तरीही पावसाळ्यांत झाडाची फांदी तारेवर पडली कीं गांवांत अंधार होतो. सर्व्हरला बॅटरीचा आधार असतो, पण तो कांहीं मिनिटांचाच. तेवढ्या अवधींत आधीं सर्वांस 'सेव्ह करा' म्हणून सांगणें, मग नव्या बैठका बंद करणें, उघड्या फाइलींची यादी रिकामी झाल्याची खात्री करणें, आणि शेवटीं सर्व्हर रीतसर थांबविणें, हा क्रम पाळावा लागतो. बटण दाबून एकदम थांबविलेला सर्व्हर म्हणजे गाडी पुलावर असतांना काढून घेतलेला रूळ!

चौथें अंग सुरक्षिततेचें. चुकीच्या पासवर्डाचे प्रयत्नही सर्व्हर टिपून ठेवतो. एका नांवावर दहा वेळां चुकीचा पासवर्ड आलेला दिसला म्हणजे प्रथम भीति वाटते. पण चौकशीअंतीं बहुधा चोर न सांपडतां देवनागरीवर राहून गेलेला कळफलक सांपडतो! तथापि खरा शत्रूही असतो. २०१७ च्या मे महिन्यांत 'वॉनाक्राय' नांवाचा घातकी प्रोग्रॅम जगभर पसरला. एसएमबीच्या जुन्या पद्धतींतील एका दोषावाटें तो यंत्रायंत्रांत शिरे, फाइली न वाचतां येण्यासारख्या करून टाकी व खंडणी मागे. त्या दोषावरील दुरुस्ती दोन महिने आधींच प्रसिद्ध झाली होती. ज्यांनीं ती बसविली नव्हती त्यांची हानि झाली. एकाच नांवाच्या बैठकींतून कांहीं मिनिटांत शेंकडों फाइली बदलल्या जाऊं लागल्या, तर तें हातानें चाललेलें काम नव्हे, हें यादी पाहणाऱ्यास ओळखतां येतें. अशा वेळीं मात्र विचारीत न बसतां बैठक तत्काळ मोडावी. बैठक मोडण्याचा अधिकार असावा तो ह्या प्रसंगासाठीं.

आतां आरंभीच्या दोन प्रश्नांचें उत्तर देणें सोपें आहे. मुलें काय करतात हें आम्हांस दिसतें काय? कोण, केव्हां, कोणत्या संगणकावर बसलें व कोणत्या नांवाची फाइल उघडली, एवढें दिसतें. आम्ही सर्व वाचतों काय? नाहीं. सर्व्हरच्या व्यवस्थापकास फाइल उघडण्याचा अधिकार असतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु अधिकार असणें निराळें व तो उठसूट वापरणें निराळें. टपाल खात्याचा शिपाई पाकिटावरचा पत्ता वाचतो, आंतील पत्र वाचीत नाहीं; तोच नियम आम्हीं स्वतःस घालून घेतला आहे. भारताच्या संसदेनें २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यांत अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलें असून बालकांच्या माहितीसाठीं पालकांची संमति व बालकांच्या वागणुकीवर पाळत ठेवण्यास मनाई अशीं तत्त्वें घातलीं आहेत. कांहीं हेतूंपुरती सवलत देण्याची तरतूदही तींत आहे. कायद्याची भाषा कांहीं असो, नोंद किती ठेवावी, किती दिवस ठेवावी व कोणीं पाहावी, हें शाळेनें पालकांस आधीं सांगितलें पाहिजे, असें आमचें मत आहे. जी नोंद उघडपणें सांगतां येत नाहीं, ती ठेवूंच नये.

विद्यार्थ्यांस सांगणें थोडकेंच आहे. दहा मिनिटांनीं एकदां 'सेव्ह' करावें. उठतांना फाइल बंद करून, आपलें नांव काढूनच उठावें. तुमच्या उघड्या बैठकींत दुसरा कोणी बसला, तर त्यानें केलेलें तुमच्या नांवावर लिहिलें जातें. पासवर्ड जिवलग मित्रासही देऊं नये. पडद्यावरील प्रश्नास उत्तर देण्यापूर्वीं तो शेवटपर्यंत वाचावा. आणि न समजल्यास हात वर करून विचारावें. पालकांस एवढीच विनंति कीं, घरच्या मोबाईलवर व संगणकावरही त्यांनीं हाच मार्ग धरावा: मुलांस कळवून लक्ष ठेवावें, चोरून नव्हे.

शंभर मेंढरांपैकीं एक हरवलें आणि मेंढपाळ त्यास शोधावयास निघाला, ही गोष्ट प्रार्थनेच्या वेळीं आपण सर्वांनीं ऐकली आहे. एक कमी आहे हें त्यास कळलें, तें तो तीं रोज मोजीत असे म्हणूनच. सर्व्हरच्या यादीकडे आम्हीही आतां त्याच दृष्टीनें पाहतों. संध्याकाळीं कक्ष बंद करण्यापूर्वीं आम्ही ती एकदां उघडतों. तींत एखाद्या नांवापुढें फाइल उघडी दिसली, तर दिवा न मालवतां त्या संगणकापाशीं जातों, काम जतन करतों, आणि मगच दाराला कुलूप लावतों.